इंग्रजीतले भाषण आणि घरातले बोल

चारचौघांत परकी भाषा बोलणाऱ्या माणसाविषयी आपल्या समाजाचे मत काय, असे कोणी विचारल्यास एका वाक्यात उत्तर देता येणार नाही. एकाच्या तोंडची इंग्रजी विद्वत्तेची खूण ठरते, दुसऱ्याच्या तोंडची मिजास ठरते आणि तिसऱ्याच्या तोंडची निव्वळ थट्टेचा विषय होते. भाषा तीच, शब्दही पुष्कळदा तेच. मग हा निवाडा भाषेचा होतो की बोलणाऱ्याचा? या प्रश्नाचा उलगडा करण्यास शास्त्रीय ग्रंथांपेक्षा एखादे प्रांजळ आत्मवृत्त अधिक उपयोगी पडते. श्रीमती रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे पुस्तक पतिचरित्र म्हणून आपण आजवर आदराने वाचत आलो. प्रस्तुत लेखात ते या एका प्रश्नाच्या अनुरोधाने वाचावयाचे योजिले आहे.

पुस्तकाकडे वळण्यापूर्वी त्या काळाची मनःस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा मराठी भाषेची तत्कालीन स्थिती हाच त्यांच्या चिंतनाचा पहिला विषय होता. इंग्रजी शिकलेल्या मंडळींना मायबोलीविषयी वाटणारी बेपर्वाई त्यांना सहन होत नव्हती. परंतु इंग्रजीला वाघिणीच्या दुधाची उपमा देण्याचे श्रेयही परंपरेने त्यांच्याच पदरी घातले आहे. आणि १८८० साली पुण्यात ज्या शाळेच्या स्थापनेत ते अग्रभागी होते, तिचे नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’ असे होते. पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, त्यांच्या सहकारी मंडळींनी दोन पत्रे काढली : मराठीतून ‘केसरी’ आणि इंग्रजीतून ‘मराठा’. वरवर पाहता ही विसंगती वाटेल. पण थोडा विचार करता तिच्यामागचे सूत्र हाती लागते. कोणाशी बोलावयाचे आहे, यावर कोणत्या भाषेत बोलावयाचे हे ठरे. सरकारशी व परप्रांतीयांशी इंग्रजीत आणि स्वजनांशी मराठीत, अशी ही विभागणी होती. ती शहाणपणाची होती, यात शंका नाही.

मात्र ही विभागणी पुरुषांपुरती होती. स्त्रीने इंग्रजीचे चार शब्द उच्चारताच हे सूत्र कोणाला आठवत नसे. नारायण बापूजी कानिटकर यांच्या १८८६ च्या ‘तरुणी शिक्षण नाटिके’ने आधुनिक स्त्रीशिक्षण व स्त्रीस्वातंत्र्य यांचे भविष्यकथन करण्याचा आव आणला. ‘भविष्यकथन’ हा शब्द त्या नाटिकेच्या लांबलचक नावातच आहे. शिकलेल्या तरुणीची टर उडवणे हा तिचा उघड हेतू. इंग्रजी शिकून हुद्द्यावर चढलेल्या तरुणाचे मात्र असे भविष्य वर्तविण्याची निकड फारशी कोणाला भासली नाही. त्याचे वर्तमान सर्वांना हवेहवेसेच वाटत होते.

आता ‘आठवणीं’कडे वळू. अकराव्या वर्षी लग्न होऊन रानड्यांच्या घरात आलेली, अक्षरओळख नसलेली मुलगी पतीच्या इच्छेने प्रथम मराठी व मागाहून इंग्रजी शिकू लागली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुण्यास मिस हर्फर्ड या बाई त्यांना इंग्रजी शिकवीत. धड्याच्या वेळी त्यांचा स्पर्श होई म्हणून घरातील वडीलधाऱ्या बायका स्नानाचा आग्रह धरीत. या प्रसंगावर सुधारक लेखकांनी पुष्कळ टीका केली आहे. तथापि त्यातील एक बारकावा सहसा कोणी टिपत नाही. इंग्रजी भाषेचा विटाळ घरातील पुरुषांना कधी झाला नाही. मुन्सफाची, न्यायाधीशाची कचेरी त्याच भाषेत चाले, त्याच भाषेच्या बळावर घरात पगार येई आणि त्याच पगारावर सोवळ्याओवळ्याचा सारा संसार चाले. भाषा पुरुषाबरोबर बाहेरून आली तर ती मिळकत, आणि सुनेबरोबर घरातून बाहेर निघाली तर तो बाट, असा हा हिशेब होता.

याच हिशेबाचा कळस पुढील प्रसंगात दिसतो. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून खटपट चालली होती. तिचे फळ १८८४ साली हुजूरपागेच्या शाळेच्या रूपाने मिळाले. त्या खटपटीत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे भरसभेत रमाबाईंनी इंग्रजी भाषण वाचून दाखविले. आता वर सांगितलेले सूत्र येथे लावून पाहावे. ऐकणारा अधिकारी इंग्रज, मागणे त्याच्यापाशी, मग भाषा इंग्रजी असणे यात अनुचित ते काय? ज्या न्यायाने ‘मराठा’ पत्र इंग्रजीत निघे, त्याच न्यायाने हे भाषण इंग्रजीत झाले. परंतु घरी परतल्यावर सासूनणंदांनी व इतर वडील बायकांनी जे टोमण्यांचे मोहोळ उठविले, ते पाहता त्या घरात हा न्याय सुनेला लागू नव्हता, हे स्पष्ट होते.

येथे लेखिकेच्या कलेविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. भाषणातील मजकुरापेक्षा घरातल्या बायकांचे बोल तिने अधिक रेखीवपणे उतरविले आहेत. ते बोल ठसकेबाज, म्हणींनी भरलेल्या, अस्सल पुणेरी मराठीत आहेत. आपल्या प्रतिपक्षाला इतकी चांगली वाक्ये बहाल करणारी लेखिका विरळा. तिने त्या बायकांना दुष्ट ठरविले नाही, त्यांची नक्कल करून सूडही उगविला नाही. वाचकाला त्यांचा राग येतो खरा, पण त्यांच्या भाषेचा मोहही पडतो. ज्या स्त्रीने भरसभेत इंग्रजी वाचले, तिच्या कानात घरची मराठी किती जिवंत होती, याचा याहून मोठा पुरावा कोणता द्यावा? परभाषा शिकल्याने मायबोली सुटते, या समजुतीला हे पुस्तक आपल्या नुसत्या शैलीने उत्तर देते.

दुसरी एक गोष्ट तितकीच बोलकी आहे. या संपूर्ण ग्रंथात रमाबाई पतीचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दाने करतात. गव्हर्नरापुढे परक्या भाषेत न अडखळता वाचणारी ही वाणी मराठीत मात्र पतीचे नाव घेत नाही. काही आधुनिक वाचकांना यात दुबळेपणा दिसतो. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. परक्या भाषेत एक मोकळीक असते. तिच्यातील शब्दांना घरच्या माजघराची, मानमर्यादेची आठवण चिकटलेली नसते. मायबोलीत प्रत्येक शब्द नात्यागोत्यांचे ओझे वाहत असतो. म्हणूनच रमाबाईंना इंग्रजीत जे जमले ते मराठीत जमण्यास अधिक काळ लागला असावा, असा तर्क करता येतो. आणि १९१० साली मराठीतच पुस्तक लिहून त्यांनी ते अंतर पुष्कळसे कापले, हे विशेष.

रमाबाईंच्या प्रसंगाशेजारी त्याच दशकातील दोन प्रसंग ठेवले म्हणजे चित्र पुरे होते. १८८२ साली शिक्षण आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी मराठीत साक्ष दिली आणि ती इंग्रजीत भाषांतरित होऊन साहेबांपर्यंत पोहोचली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाई जोशी यांनी, वयाच्या अठराव्या वर्षी, बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आपण अमेरिकेस का जात आहोत याविषयी इंग्रजीत भाषण केले. तेथील बंगाली व युरोपीय श्रोत्यांना मराठी कळणे शक्य नव्हते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा आपला निर्धार त्यांनी सांगितला तो इंग्रजीत. म्हणजे एकीने मराठीत बोलून इंग्रजांना ऐकावयास लावले आणि दुसरीने इंग्रजीत बोलून आपले हिंदुत्व जाहीर केले. भाषेवरून निष्ठेची परीक्षा करू पाहणाऱ्यांनी या दोन उदाहरणांचा विचार अवश्य करावा.

तथापि माजघरातील बायकांची बाजू सर्वस्वी टाकाऊ होती काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या भाषेतले एक अक्षर आपल्याला कळत नाही, त्या भाषेत आपल्याच घरचे माणूस बोलू लागले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात दुरावा उत्पन्न होतो. त्या टोमण्यांत मत्सर होता, रूढी होती. पण आपण मागे पडत आहोत ही भीतीही होती. ‘आठवणीं’त या भीतीचा स्वतंत्र विचार झालेला नाही. लेखिकेची दृष्टी पतीच्या समाधानावर खिळलेली असल्यामुळे त्या बायकांना या नव्या भाषेने काय नाकारले, हा प्रश्न तिने विचारला नाही. ग्रंथाची ही मर्यादा मान्य करावी लागेल. इंग्रजीची भिंत पुढे आपल्या समाजात किती उंच झाली, हे पाहता तो प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

न्यायमूर्तींचे उदाहरण येथे मार्गदर्शक ठरते. सर्व प्रांतांच्या परिषदांतून ते इंग्रजीत बोलले, मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिला. परंतु १८७८ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांना एकत्र आणण्यातही लोकहितवादींबरोबर तेच पुढे होते. श्रोता ओळखून भाषा योजावी आणि कोणत्याही भाषेसाठी माणसाला हिणवू नये, एवढा विवेक त्यांच्या घराने आपल्याला शिकविला आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी भाषकांना हा विवेक विशेष निकडीचा आहे. वडोदऱ्याच्या वा हैदराबादच्या रस्त्यावर आपण मुलाशी मराठीत बोलतो, तेव्हा शेजारून जाणाऱ्याच्या कानी ती परभाषाच असते. त्याने कपाळाला आठी घालू नये, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. मग वर्गात एखादी मुलगी अडखळत इंग्रजी बोलू लागली आणि मागच्या बाकावर हशा पिकला, तर आपण शिक्षकांनी कोणाच्या बाजूने उभे राहावे, हे निराळे सांगावयास नको. ‘आठवणीं’तील तो प्रसंग त्याच दिवशी वर्गात वाचून दाखवावा. आधी भाषणाचा भाग वाचावा, आणि मग घरातले बोलही गाळू नयेत.