आरोपी कोण आणि नट कोण? : ‘कोर्ट’संबंधीं कांहीं विचार

ज्या कलाकृतीचा शेवट निकालावांचून होतो, तिच्यासंबंधीं प्रेक्षकांत वाद माजावा हें स्वाभाविकच आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१४ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत प्रथम दाखविण्यांत आला. त्या वर्षाच्या सर्वोत्कृष्ट कथाचित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिकही त्यास लाभलें, आणि एप्रिल २०१५ मध्यें तो आपल्याकडील चित्रपटगृहांत आला. तेव्हांपासून जेथें जेथें हा चित्रपट पाहिला जातो, तेथें तेथें दोन प्रश्नांवर हटकून खडाजंगी होते. पहिला प्रश्न, नारायण कांबळे दोषी कीं निर्दोष? दुसरा, या चित्रपटांत अभिनय म्हणून कांहीं आहे कीं नाहीं? पहिला प्रश्न न्यायाचा, दुसरा कलेचा. वरवर पाहतां दोहोंचा परस्परांशीं संबंध नाहीं. परंतु आमच्या मतें हीं एकाच प्रश्नाचीं दोन रूपें आहेत, आणि हें ध्यानांत न घेतल्यामुळेंच या चित्रपटावरील पुष्कळशी चर्चा वाट चुकते.

कथानक थोडक्यांत असें. नारायण कांबळे हा ६५ वर्षांचा लोकशाहीर. मुंबईंतील वस्त्यावस्त्यांतून तो गातो आणि मुलांच्या शिकवण्या घेतो. एके दिवशीं भर कार्यक्रमांत पोलीस त्याला पकडून नेतात. आरोप असा कीं, गटारें साफ करणाऱ्या कामगारांनीं गटारांतच जीव द्यावा अशा अर्थाचें गाणें त्यानें एका वस्तींत म्हटलें, आणि तें ऐकून वासुदेव पवार नांवाच्या कामगारानें खरोखरच तसें केलें. आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा हा गुन्हा तेव्हांच्या भारतीय दंडविधानाच्या ३०६ व्या कलमाखालीं येत असे आणि त्यास १० वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होती. खटला उभा राहतो, तारखांमागून तारखा पडतात, जामीन होतो, पुन्हां निराळ्या आरोपाखालीं अटक होते, आणि उन्हाळ्याची सुटी लागून न्यायालयाचे दिवे मालवले जातात. निकाल नाहींच.

न्यायालयाचा प्रसंग रंगभूमीला नवा नाहीं. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा नववा अंक घ्या, देवलांच्या कृपेनें तें नाटक मराठी घरांतून सुपरिचित आहे. मैत्रेयाच्या काखेंतून वसंतसेनेचे अलंकार खालीं पडतात आणि चारुदत्ताविरुद्धचा पुरावा पुरा होतो. परंतु चारुदत्त निरपराधी आहे हें प्रेक्षकाला आधींच ठाऊक असतें. शेक्सपिअरची पोर्शिया वकिलाच्या वेषांत उभी राहते तेव्हांही प्रेक्षक तिच्या गुपितांत सामील असतो. अशा ठिकाणीं प्रेक्षकाची उत्कंठा एवढीच कीं, मला जें ठाऊक आहे तें न्यायासनाला केव्हां कळणार? उलट, कुरोसावा यांच्या १९५० सालच्या ‘राशोमोन’मध्यें एकाच मृत्यूच्या परस्परविरुद्ध हकीकती आपण ऐकतों, आणि त्यांतली खरी कोणती याचा निर्णय होत नाहीं. ‘कोर्ट’ या दोन्ही जातींत बसत नाहीं. येथें कोणतेंही गुपित नाहीं. जें सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे तेंच कोणी पाहत नाहीं, अशी या चित्रपटाची रचना आहे.

आतां प्रेक्षकांतील पक्ष पाहूं. पहिला पक्ष म्हणतो, कांबळे निर्दोष. कारण तें गाणें त्यानें म्हटल्याचें आपण पाहिलेलें नाहीं. पडद्यावर तो जें गातो त्यांत जीव देण्याचा उपदेश नाहीं, आणि पोलिसांनीं उभा केलेला साक्षीदार पूर्वींच्या खटल्यांतही असाच उभा राहिलेला निघतो. दुसरा पक्ष बोट ठेवतो तें कांबळेच्याच जबानीवर. असें गाणें रचलें आहे काय, या प्रश्नाला तो निखालस नकार देत नाहीं. अजून रचलेलें नाहीं, परंतु रचण्यास आपली हरकत नाहीं, अशा आशयाचें तो उत्तर देतो. तें ऐकून कोणी हंसतो, कोणी चपापतो. निरपराधी मनुष्य असें बोलेल काय, हा या पक्षाचा सवाल.

दोन्ही पक्षांची बुद्धि तीक्ष्ण आहे. परंतु दोघांनींही एक गोष्ट न तपासतांच मान्य केली आहे. ती ही कीं, वासुदेव पवारनें आत्महत्या केली. मुळांत आत्महत्याच झाली नसेल, तर तिला प्रवृत्त करण्याचा प्रश्न उरतोच कोठें? उषा बाने यांनीं उभी केलेली त्याची विधवा साक्षीस येते तेव्हां सारा उलगडा होतो. नवरा दारू पिऊन गटारांत उतरे, कारण शुद्धीवर असतांना ती घाण सोसवत नसे. आंत श्वास घेण्याजोगी हवा आहे कीं नाहीं, हें तो झुरळें बाहेर येतात कीं नाहीं यावरून ओळखी. विषारी वायूनें त्याचा एक डोळा आधींच निकामी झाला होता. संरक्षणाचें साहित्य त्याला कधीं मिळालेलेंच नव्हतें. फिर्यादी पक्षाचें अनुमान मात्र नेमकें उलट : साहित्यावांचून उतरला, त्या अर्थीं मरावयाचेंच होतें! तर्कशास्त्राच्या वर्गांत हेत्वाभासाचें उदाहरण म्हणून सांगावें असें हें अनुमान आहे.

हें मरण केवळ कल्पनेंतलें नाहीं. असलीं कामें माणसांकडून करवून घेण्यास बंदी करणारा कायदा २०१३ सालीं झाला. २७ मार्च २०१४ रोजीं, म्हणजे ‘कोर्ट’ व्हेनिसला पोंचण्यापूर्वीं पांच महिने, सर्वोच्च न्यायालयानें १९९३ पासून गटारांत मृत्युमुखीं पडलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबास १० लाख रुपये द्यावे असा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयानें ती रक्कम ३० लाख झाली. हें मरण कामगाराच्या लहरीचें फळ नव्हे, त्याचें उत्तरदायित्व त्याला खालीं उतरविणाऱ्या व्यवस्थेचें आहे, हें देशाच्या सर्वोच्च न्यायासनानें मान्य केलें. चित्रपटांतील न्यायालयांत मात्र त्या कामगाराला गटारांत उतरविणारा कोणीच आरोपीच्या पिंजऱ्यांत दिसत नाहीं. पिंजऱ्यांत आहे तो शाहीर. तेव्हां ‘कांबळे दोषी कीं निर्दोष’ असा वाद घालीत बसणें म्हणजे त्या न्यायालयानें काढलेलीच प्रश्नपत्रिका आपण इमानें-इतबारें सोडवीत बसणें होय.

येथें काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट खुपल्यावांचून राहत नाहीं. प्लेटोनें आपल्या आदर्श राज्यांतून कवींना हद्दपार केलें, कारण काव्याची शक्ति तो ओळखून होता. इंग्रज सरकारनें १९१० सालीं खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी घातली, तीही त्या नाटकाची शक्ति ओळखूनच, १९०७ पासून प्रेक्षक त्यांतील कीचकाच्या ठिकाणीं लॉर्ड कर्झनला पाहत होते. त्या भीतींत काव्याचा एक प्रकारें सन्मान तरी होता. ‘कोर्ट’मधील सरकारपक्षाला गाण्याची भीति वाटते असेंही म्हणवत नाहीं. शब्द कोणते, चाल कोणती, त्यांतला उपरोध कोणाला उद्देशून, याची न्यायालयांत कोणासच पर्वा नाहीं. गाणें हें केवळ कागद पुरे करण्याचें एक निमित्त. कवितेला भिऊन कवीला तुरुंगांत टाकणें हा जुलूम खरा. परंतु कविता न ऐकतांच त्याला तुरुंगांत टाकणें हा त्याहून हीन प्रकार आहे.

आतां अभिनयाकडे वळूं. कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार हे आमच्या नागपूरचे. ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक आणि आंबेडकरी चळवळीचे कार्यकर्ते म्हणून ते येथें सर्वांस परिचित होते. १३ एप्रिल २०२१ रोजीं कोरोनाच्या साथींत त्यांचें येथेंच निधन झालें. त्यांना सभांतून पाहिलेले आमचे कित्येक नागपूरकर म्हणतात, ‘ते होते तसेच पडद्यावर दिसले, यांत अभिनय तो कसला?’ पुण्या-मुंबईचा सुशिक्षित प्रेक्षक तेंच निराळ्या शब्दांत म्हणतो : हा आरोपी फारच थंड आहे, त्याच्या तोंडावर ना संताप, ना भय.

या आक्षेपाचें उत्तर चित्रपटांतच आहे, आणि तें डोळ्यांपेक्षां कानांनीं अधिक कळतें. साथीदारांचे दोन आवाज ऐकावे. वस्तींतल्या मांडवांत ते गातात तेव्हां अंगांत वारें भरल्यासारखा तो आवाज उसळतो. तोच मनुष्य पिंजऱ्यांत उभा राहतो तेव्हां चार शब्दांचें उत्तर देऊन गप्प होतो. ज्याला आपल्या बोलण्याची किंमत ठाऊक आहे तो तें कोठें खर्चावयाचें हेंही जाणतो. न्यायालय ही आपल्याला ऐकून घेणारी जागा नव्हे, हें त्या तुटक उत्तरांतून जितकें उमगतें तितकें दहा भाषणांनींही उमगलें नसतें. या दोन आवाजांमधलें अंतर राखणें हाच साथीदारांचा अभिनय होय.

दुसऱ्या टोंकाला गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील आहे. रंगभूमीवर मुरलेल्या या नटीनें नूतन नांवाची ही बाई इतकी साधी केली आहे कीं, तींत कसब आहे हें चटकन् ध्यानांतही येऊं नये. कायद्याचीं कलमें ती एकसुरी झपाट्यानें वाचते, जणूं नित्यपाठाची पोथीच! मग आगगाडींतून घरीं जातांना साडीविषयीं बोलणें, मुलाला आणणें, स्वैंपाक, सहकुटुंब नाटकाला जाणें. परप्रांतीयाची हेटाळणी करणाऱ्या त्या नाटकाला सारें कुटुंब मनमुराद हंसतें. त्याच त्या चेहऱ्यांचा कंटाळा आला, द्यावी एकदांची शिक्षा आणि मोकळें व्हावें, असें ती फावल्या वेळीं बोलून जाते तेव्हां तिच्या आवाजांत द्वेषाचा लवलेशही नसतो. ही बाई दुष्ट नाहीं. तिचा दिनक्रम तुमच्या-आमच्या घरांतलाच आहे, आणि म्हणूनच ती पाहणाऱ्याला अस्वस्थ करते.

वर म्हटलेल्या दोन प्रश्नांचा सांधा येथें जुळतो. ‘हा नट आरोपीसारखा दिसत नाहीं’ ही प्रेक्षकाची तक्रार, आणि ‘निरपराधी मनुष्य असें उत्तर देईल काय’ हा प्रेक्षकाचाच संशय, या दोहोंच्या मुळाशीं एकच गृहीत आहे : मनुष्यानें ज्या त्या जागीं शोभेल असें दिसलें पाहिजे. चित्रपटांतील न्यायाधीशांचीही हीच कसोटी. प्रदीप जोशी यांनीं मोठ्या संयमानें रंगविलेले न्यायाधीश सदावर्ते एका बाईचें प्रकरण पुढें ढकलतात, तें ती बिनबाह्यांचा पोषाख करून आली म्हणून. न्याय मागावयास आलेल्या माणसाचें ‘सोंग’ बरोबर नाहीं, म्हणून न्याय लांबणीवर! प्रेक्षकही खुर्चींत बसून तेंच करतो. फरक इतकाच कीं, त्याच्या हातीं शिक्का नसतो.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ सालच्या नाटकाची आठवण या ठिकाणीं सहजच होते. सत्यदेव दुबे यांनीं १९७१ सालीं त्यावर चित्रपटही केला. तेथें हौशी नटमंडळी गंमत म्हणून खटल्याचा खेळ मांडतात, आणि खेळतां खेळतां बेणारे बाईंच्या आयुष्याचा खराखुरा लचका तोडतात. ‘कोर्ट’मध्यें याच्या उलट आहे : खटला खरा, कायदा खरा, तुरुंगही खरा, आणि खेळ मात्र असा चालतो कीं, कोणाचेंच मन त्यांत नाहीं. तेंडुलकरांच्या न्यायालयांत क्रौर्य उत्साहानें होतें, ताम्हाण्यांच्या न्यायालयांत तें कंटाळ्यानें होतें. बेणारे बाईंना निदान शेवटीं एक मोठें स्वगत मिळालें. कांबळेला तेंही नाहीं.

चित्रपट सर्वथा निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ओस पडलेल्या न्यायालयांतले दिवे मालवल्यावर कथा संपली होती. त्यापुढें सहलीला गेलेल्या न्यायाधीशांनीं मुलाला चपराक मारण्याचा जो प्रसंग येतो, तो आधीं सुचविलेलें पुन्हां ठळक अक्षरांत लिहून दाखवितो. यापेक्षां मोठी उणीव ही कीं, बचावाचे वकील विनय व्होरा, सरकारी वकील आणि न्यायाधीश या तिघांच्या खासगी आयुष्यांत कॅमेरा शिरतो. वासुदेव पवारच्या विधवेच्या आयुष्यांत तो तसा शिरत नाहीं. व्होरा (विवेक गोम्बर यांनीं ही भूमिका समजून केली आहे) तिला आपल्या मोटारींतून सोडावयास जातात आणि पैसे देऊं करतात. ती पैसे नाकारते आणि काम मागते. त्या क्षणीं या बाईची सारी उंची आपल्याला दिसते, आणि लगेच ती पडद्यावरून निघून जाते. न्यायालय जेथें जात नाहीं तेथें चित्रपटानेंही जाऊं नये, अशी योजना असेल तर ती समजण्याजोगी आहे. परंतु तिची किंमत त्या बाईनें मोजली आहे.

तरीही हा चित्रपट घरांतील मोठ्या मुलांसह पाहावा आणि त्यावर अवश्य वाद घालावा. मात्र त्या वादांत कांबळेला दोषी वा निर्दोष ठरविण्याची घाई करूं नये. निकाल देण्याचा मोह फारच अनावर झाला, तर आधीं प्रश्न बदलून घ्यावा : त्या दिवशीं गटाराचें झांकण कोणी उघडविलें, आणि हातांत कांहीं न देतां माणसाला आंत कोणी उतरविलें? या प्रश्नावर साक्ष देणारी एकच बाई त्या न्यायालयांत आली होती. तिची साक्ष झाली, ती कागदावर उतरली, आणि पुढची तारीख पडली.