कामगंध सापळा आणि अळीचे नाक

नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यासारख्या गावात विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला कीटकांच्या गंधज्ञानाचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. कापसाच्या शेतात काठीला टांगलेला कामगंध सापळा मुलांनी पाहिलेला असतो. गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाचा गंध प्रयोगशाळेत बनवून रबराच्या लहानशा गोळीत भरतात. त्या वासाने नर पतंग येतात आणि सापळ्यात अडकतात. माहितीपत्रके, फलक आणि आपले पाठ बहुधा एवढे सांगून थांबतात. माझा आक्षेप या थांबण्यावर आहे. सांगितलेले खोटे नाही. पण पिकाचे नुकसान करणारी अळी त्यातून गायब झालेली असते.

याचा परिणाम शेतापर्यंत जातो. २०१७ साली महाराष्ट्रात बीटी कपाशीवरही गुलाबी बोंडअळीने मोठे नुकसान केले, तेव्हापासून हे सापळे घरोघरी माहीत झाले. पण सापळ्यात पडतो तो नर, आणि नर बोंड खात नाही. हेक्टरी ५ सापळे लावतात ते मुख्यतः कीड मोजण्यासाठी. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आले, तर उपाय करण्याची वेळ झाली असे समजायचे. ‘सापळा भरला, म्हणजे कीड संपली’ असा अर्थ घेणारा शेतकरी नेमका उलटा निष्कर्ष काढतो. सापळा भरला म्हणजे शेतात माद्याही आहेत, आणि अंडी घातली जात असणार.

मग अळीला वास येतो का? आपल्या तक्त्यांत अळी म्हणजे नुसते तोंड: खाते आणि वाढते. हे चित्र कसे तयार झाले ते समजण्यासारखे आहे. १९५९ साली बुटेनान्ट यांनी रेशीमकिड्याच्या सुमारे ५ लाख माद्यांपासून पहिला कामगंध वेगळा केला. गुलाबी बोंडअळीचा गंध १९७३ साली ओळखला गेला. १९८१ मध्ये व्होग्ट आणि रिडिफर्ड यांना गंधरेणू धरून ठेवणारे प्रथिन सापडले, तेही नर पतंगाच्या शृंगिकेत. नराची शृंगिका पिसासारखी, हजारो संवेदी केसांनी भरलेली, अभ्यासाला सोयीची. अळीची शृंगिका भिंगाखालीही शोधावी लागते. तीन पेऱ्यांची ती इवलीशी खुंटी, आणि तिच्यात वास घेणाऱ्या चेतापेशी जेमतेम सोळा! संशोधकांचे लक्ष मोठ्या नाकाकडे गेले यात नवल नाही.

पण या सोळा पेशी बरेच काही करतात. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले, की तुतीच्या पानांतला सिस-जास्मोन नावाचा पदार्थ रेशीमकिड्याच्या अळीला खेचतो, आणि त्यासाठी तिच्याकडे एक खास ग्राही प्रथिन आहे. त्याहून चकित करणारा प्रयोग फ्रान्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. स्पोडोप्टेरा लिटोरॅलिस ही कापसाची पाने खाणारी कीड. तिच्या अळ्या स्वतःच्याच जातीच्या मादी पतंगाच्या कामगंधाकडे ओढल्या गेल्या. नर होणाऱ्या तशाच मादी होणाऱ्याही. पतंगात कामगंध धरणारी प्रथिने या अळ्यांच्या शृंगिकेतही सापडली. अन्नात तो गंध मिसळला, तर अळ्या त्याच अन्नाकडे अधिक वळल्या. अन्न शोधायला या गंधाची मदत होत असावी, हा संशोधकांचा अंदाज. ज्या अळीला मीलनाशी देणेघेणे नाही, तिच्या बाबतीत ‘कामगंध’ हा शब्द लंगडा पडतो. रेणू तोच, अर्थ ऐकणाऱ्यानुसार बदलतो. (‘ऐकणाऱ्या’ म्हटले खरे, वासासाठी मराठीत याहून चांगला शब्द मला सुचत नाही.)

‘कुलूप आणि किल्ली’ ही उपमाही जपून वापरावी. केसातल्या सूक्ष्म छिद्रातून आलेला गंधरेणू बहुधा तेलकट असतो आणि आतला द्रव पाणीदार. वाहक प्रथिन त्याला पैलतीरी नेते, मग चेतापेशीवरचे ग्राही प्रथिन उघडते, असे आपण शिकवतो. मात्र २०१६ मध्ये फळमाशीच्या एका प्रकारच्या संवेदी केसांतून मुख्य वाहक प्रथिन काढून टाकले, तरी चेतापेशी वासाला प्रतिसाद देतच राहिल्या! नावेशिवायही नदी पार होते, निदान काही ठिकाणी. शिवाय अनेक ग्राही एकाहून जास्त वासांना उघडतात. सिस-जास्मोनचा ग्राही इतका काटेकोर आहे, म्हणूनच तो गाजला.

अर्थात फ्रेंच प्रयोग बोंडअळीला जसाच्या तसा लावता येणार नाही. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात कळीत किंवा बोंडात शिरते. तिची जागा जवळजवळ आईनेच ठरवलेली असते. एरंड, मिरची, सोयाबीनवर हिंडणाऱ्या स्पोडोप्टेरा लिट्युराच्या अळीचे तसे नाही, आणि वर्गासाठी तीच सोयीची.

एरंडाच्या पानावरच्या आठ-दहा लहान अळ्या दोन-तीन तास उपाशी ठेवा. पसरट डब्यात एका टोकाला चुरलेले पान, दुसऱ्या टोकाला तितकाच ओला कागद ठेवून दोन्ही मलमलीने झाका, म्हणजे स्पर्श आणि चव बाद होतील. ओला कागद विसरू नका. नाहीतर अळी वासाकडे गेली की ओलाव्याकडे, हे कळणार नाही. अळ्या मधोमध सोडून डबा अंधारात ठेवा आणि पंधरा मिनिटांनी मोजा. मग डबा उलट दिशेने फिरवून पुन्हा मोजा. दोन्ही वेळच्या संख्या मुलांनी फळ्यावर लिहाव्यात, जुळल्या नाहीत तरी.