सरासरीत ऋण भार: चालतात, पण कुठे?

भारित सरासरी शिकवताना पाठ्यपुस्तकं बहुधा भार धनच धरतात आणि का, ते सांगायचं राहून जातं. गणिताची अट एवढीच आहे की भारांची बेरीज शून्य नसावी, कारण शेवटी तिनेच भागायचं असतं. तेव्हा ऋण भार चालतात. मात्र एक हमी जाते. सगळे भार धन असले, की उत्तर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्याच्या दरम्यानच येतं. ऋण भार आला, की ते बाहेरही जाऊ शकतं.

ही हमी सोडून काही मिळतं का? मिळतं. साविट्झकी आणि गोले यांनी १९६४ मध्ये रासायनिक मोजमापांतला गोंगाट कमी करायची पद्धत मांडली. तिच्यातले पाच बिंदूंचे भार बघा: −३, १२, १७, १२, −३. बेरीज ३५. आता १, ४, ५, ४, १ असं एक शिखर घ्या. साधी सरासरी मधल्या ५ चे ३ करते. शिखरच छाटलं जातं. या भारांनी १७५ भागिले ३५, म्हणजे बरोबर ५. टोकांच्या ऋण भारांनी आकार राखला. पण हेच भार पावसाला लावा. चार दिवस कोरडे, पाचव्या दिवशी १० मिलिमीटर. तर मधल्या दिवसाचा पाऊस शून्याखाली निघतो!

इथे निदान भार डोळ्यांसमोर आहेत. माझा खरा आक्षेप आहे तो लपलेल्या भारांना. एखादी योजना वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वर्षी सुरू होते. तिचा परिणाम मोजायला अर्थशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं एक रूढ प्रतिगमन वापरत आले. त्यातून येणारा आकडा ही परिणामांची भारित सरासरीच असते, आणि तिच्यातले काही भार ऋण असू शकतात, हे द शेझमार्तां आणि दोफय यांनी २०२० मध्ये दाखवून दिलं. कारण आधी योजना मिळालेले भागच पुढे इतरांशी तुलनेला वापरले जातात. समजा भार १.५ आणि −०.५, परिणाम १ आणि ४. उत्तर येतं −०.५. म्हणजे फायदा दोन्हीकडे झाला, आणि अहवालात लिहिलं जाणार तोटा. अशा आकड्यावर योजना बंदही होऊ शकते.

शिखर राखायला ऋण भार जरूर वापरा. पण ‘सरासरी परिणाम’ म्हणून आकडा पुढे आला, तर आधी भारांची यादी मागा.