चौकटीबाहेर राहिलेली माणसे

पुण्याची छायाचित्रे म्हटली की शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, पर्वतीचा कळस आणि आगाखान राजवाड्याच्या कमानी डोळ्यांपुढे येतात. अलीकडे मात्र हौशी छायाचित्रकार पेठांतील उपेक्षित कोपऱ्यांकडे वळले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. नागझरीकाठचे, सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपती मंदिर हे त्याचे ठळक उदाहरण. १७५४ ते १७७० या काळात बांधलेल्या या दगडी मंदिराच्या दर्शनी भिंतीवर साखळदंडाने जखडलेला गेंडा आणि गोरे शिपाई कोरलेले आहेत. पुण्यात आयुष्य घालविलेल्या अनेकांना ते शिल्प छायाचित्रामुळेच ठाऊक झाले असावे.

तथापि, या चित्रांकडे चिकित्सक दृष्टीने पाहता एक उणीव आम्हास जाणवते. वाड्याचा नक्षीदार खांब दिसतो. पण त्याला बांधलेली दोरी, तिच्यावरचे धुणे आणि ओसरीवर तांदूळ निवडीत बसलेली आजी चौकटीतून वगळली जाते. छायाचित्रकार माणसे बाजूला होण्याची वाट पाहत थांबतो. अशा रीतीने उपेक्षित वास्तू प्रकाशात येते आणि तिथला रहिवासी पुन्हा अंधारातच राहतो.

या संदर्भात जर्मनीतील कोलोन शहराचे छायाचित्रकार शार्गेसहायमर (जन्म १९२४) यांचे दोन ग्रंथ शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. १९५८ साली त्यांनी ‘उंटर क्राहनेनबॉयमेन’ या एकाच गल्लीवर ग्रंथ काढला. त्यातील मजकूर त्याच शहरात जन्मलेले कॅथलिक कादंबरीकार हाइनरिश ब्योल यांचा. त्यांना पुढे १९७२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. प्रवासी मुद्दाम वाट वाकडी करून जाईल असे त्या गल्लीत काही नव्हते. होती ती मुले, बायका, वृद्ध आणि त्यांचा रोजचा गलबला. पुढे रुंद मोटाररस्त्याने ही गल्ली दुभंगली. १९७० च्या दुसऱ्या ग्रंथात त्यांनी पहाटे साडेपाचचे कोलोन टिपले. काँक्रीट, डांबर, वाहतुकीच्या खुणा. माणूस कोठेही नाही.

दुसऱ्या ग्रंथातील ओसाडपणा आम्हास अस्वस्थ करतो, कारण पहिल्या ग्रंथाने त्या शहरातील माणसांशी आमची ओळख करून दिलेली असते. काय हरवले ते आम्हास कळते. आमच्याकडील पुष्कळ छायाचित्रे मात्र ओळखीचा टप्पा ओलांडूनच थेट ओसाडपणापाशी पोहोचतात. मग पडका वाडा केवळ देखणा वाटतो, आणि तेथील बिऱ्हाडांचे काय झाले हा प्रश्न मनात उद्भवत नाही.

कोणी म्हणेल, कॅमेऱ्याने परक्याच्या अंगणात शिरणे हीदेखील आगळीकच. हा आक्षेप रास्त आहे. दारिद्र्याचे प्रदर्शन मांडणे आम्हासही मान्य नाही. पण त्यावर उपाय आहे तो परवानगी मागण्याचा, नाव विचारण्याचा आणि काढलेले चित्र त्या घरी नेऊन देण्याचा. माणसाला चौकटीतून पुसून टाकणे हा सभ्यपणा नव्हे.

नाना पेठेतील आपल्या सिटी चर्चचेच पाहा. सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली त्याची स्थापना झाली. मंदिराचा दर्शनी भाग अनेकांनी टिपला असेल. आसपासच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांची चित्रे मात्र त्यांच्या कपाटांतील आल्बमांतच सापडतील. बाप्तिस्म्याच्या दिवशी अंगणात उभे राहून काढलेल्या चित्रात मागे आलेला जिना, नळ, शेजारणीचा अर्धा चेहरा, हाच त्या कोपऱ्याचा खरा दस्तऐवज होय. वाडा पाडून तेथे इमारत उभी राहिली की त्याखेरीज साक्षीदार उरत नाही.

म्हणून वाचकांना आमची एक विनंती आहे. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्या चित्रांच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नावे, गल्ली व साल लिहून घ्यावे. शेजारणीचे नावही विसरू नये.