हातभट्टी आणि ‘क्राफ्ट’

वस्तूच्या नावाआधी ‘हात’ लागला की आपल्याकडे तिचा मान वाढतो. हातमागाचे लुगडे, हातकागद, हातसडीचा तांदूळ. याला ठळक अपवाद हातभट्टीचा. तिथे ‘हात’ आला की पोलीस येतात. ‘क्राफ्ट बिअर’ला मराठी प्रतिशब्द शोधायला बसलो आणि याच शब्दाशी अडखळलो. ‘क्राफ्ट’ म्हणजे हातचे, कसबाचे, थोडक्या प्रमाणावर केलेले. अर्थ तोच, पण पुण्यातल्या माणसाला तो कलावंत ठरवतो आणि मानोऱ्याच्या रानातल्या माणसाला आरोपी.

लगेच एक खुलासा करतो, नाहीतर वाचक मला हातभट्टीचा वकील समजतील. हातभट्टी ऊर्ध्वपातनाची, बिअर केवळ आंबवण्याची. भट्टीच्या दारूत मिथेनॉल मिसळले गेले की माणसे मरतात. मालाड-मालवणीत २०१५च्या जूनमध्ये शंभरावर माणसे गेली. तेव्हा दोन्हींना एका तागडीत घालायचे नाही. माझा आक्षेप दारूच्या बाजूने नाही. तो एका गोष्टीच्या सांगण्याबद्दल आहे.

ती गोष्ट अशी सांगतात: अमेरिकेतल्या काही हट्टी माणसांनी बड्या कंपन्यांच्या पाणचट बिअरविरुद्ध बंड केले, त्यातून चळवळ उभी राहिली, ती जगभर पसरली आणि आता भारतात आली. पहिला भाग बऱ्यापैकी खरा आहे. फ्रिट्झ मेटॅग यांनी सॅन फ्रान्सिस्कोची मोडकळीला आलेली अँकर ब्रुअरी १९६५ साली घेतली. जॅक मॅकऑलिफ यांनी १९७६ साली सोनोमात ‘न्यू अल्बियन’ सुरू केली. केन ग्रॉसमन यांचे चिकोत घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान होते. दुग्धव्यवसायातली जुनी भांडी जमवून १९८० साली त्यांनी ‘सिएरा नेवाडा’ची पहिली बिअर काढली.

पण या गोष्टीतला कणा बहुतेक लेखांत एका ओळीत उरकला जातो. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली, तेव्हा घरी वाईन करायला मोकळीक मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती मोकळीक राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८मध्ये सही केलेल्या कायद्याने दिली: घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला शंभर गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर दोनशे, विक्री नाही. त्या सुमारास सगळ्या देशात शंभराहून कमी ब्रुअऱ्या होत्या. आज नऊ हजारांवर आहेत. त्यांतले कितीतरी कारागीर स्वयंपाकघरातल्या पातेल्यावर शिकले. म्हणजे तिकडे ‘क्राफ्ट’ घरातून बाजारात गेले.

आपल्याकडे उलटे झाले. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली ती हॉटेलात, परवान्यावर, जर्मन ब्रुमास्टरच्या हाताखाली. बिअर चांगली असेल. मी पुण्याला दोनदा चाखली, तेवढ्यावर मत देणार नाही. पण घरी बिअर करून पाहणे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हाच राहिले. शिकाऊ कारागिरांचा थरच नसलेले हे ‘क्राफ्ट’ आहे. त्याला हवे तर परवानाकला म्हणावे.

गंमत अशी, की कौटिल्य या बाबतीत कार्टरना जवळचा. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. तिथे ‘मेदका’ची कृती मापांसह दिली आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे आंबवण. राज्याची मक्तेदारी सांभाळणारा हा कठोर माणूस कुटुंबांना कार्यप्रसंगी घरी सुरा करू देतो, औषधासाठी अरिष्ट करू देतो, उत्सव-यात्रांना चार दिवसांची सवलत देतो. त्याला घर आणि दुकान यांतला फरक कळत होता.

आता भविष्याबद्दल. अमेरिकेतली भरती ओसरते आहे. अँकर १८९६पासूनची, २०१७ साली जपानच्या सापोरोकडे गेली आणि २०२३ साली बंद पडली. २०२४ साली बंद झालेल्या क्राफ्ट ब्रुअऱ्या नव्याने उघडलेल्यांपेक्षा जास्त होत्या. कडूपणाची चढाओढ दमली आहे. कमी मद्याच्या, बिनमद्याच्या आणि आंबट बिअरकडे लोक वळत आहेत. स्वतंत्र ब्रुअऱ्यांनी २०१७ साली आपल्यासाठी एक शिक्का काढला, त्यावर उलटी बाटली आहे. आपल्याकडे बायका मतदान करतात ते ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’ यावर. दोन देशांच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर पुष्कळ कळते. तिकडे प्रश्न मालक कोण हा, इकडे पगार घरी पोचतो का हा. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. ‘क्राफ्ट’ची भारतीय गोष्ट सांगणाऱ्याला हे जिल्हे नकाशावर दिसतच नाहीत.

त्याच गोष्टीतले शेवटचे आश्वासन मला अधिक खुपते: स्थानिक धान्य. उद्याची बिअर ज्वारी-बाजरीची, शेतकऱ्याला भाव देणारी, असे लिहिले जाते. कागदावर गोड आहे. युगांडात ज्वारीची ‘ईगल’ बिअर २००२पासून निघते. नायजेरियाने १९८८ साली बार्लीच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या कारखान्यांनी ज्वारीवर बिअर काढून दाखवली. पण ज्वारी बिअरला सहज वश होत नाही. तिचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त उष्णतेला फुलतो, आणि तेवढ्या उष्णतेत त्याची साखर करणारी विकरे मरू लागतात. मळलेल्या ज्वारीला टरफल नसते, त्यामुळे गाळताना चोथ्याची चाळण तयार होत नाही. म्हणून बऱ्याचदा बार्लीच्या माल्टमध्ये थोडी ज्वारी घालतात आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत ज्वारी लिहितात. आणि ही ज्वारी येणार कुठून? वाशीम जिल्ह्यात खरिपात आता नजर जाईल तिथे सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी. ज्वारी गेली तिची कारणे पाखरे, मजुरी, भाव. त्यांतले एकही बिअरच्या ग्लासाने फिरणारे नाही. २००७ साली राज्याने धान्यापासून मद्यार्क बनवण्याला उत्तेजन देणारे धोरण आणले, तेव्हाही शेतकऱ्याचेच नाव पुढे होते. डॉ. अभय बंगांसारख्यांनी त्याला विरोध केला. ज्वारीचा पेरा काही परत आला नाही.

तरीही ज्वारी आंबवायचे कसब आपल्याकडे आहे, आणि ते गुन्हा नाही. वऱ्हाडात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील लागतेच. माझी आई भरड रात्रभर ताकात भिजवी, सकाळी वासावरून आंबटपणा ओळखी आणि मग चुलीवर चढवी. कमी पडला तर म्हणे, “थांब, अजून आली नाही.” तिच्याकडे थर्मामीटर नव्हता. अमेरिकेतले लोक आंबट बिअरसाठी जो लॅक्टिक आंबटपणा सांभाळून आणतात, तो त्याच जातीच्या जिवाणूंचा. मद्याचा भाग सोडला तर या आंबिलीत आणि त्यांच्या नव्या बिअरमध्ये मला फार अंतर दिसत नाही. पण कृतीच्या पुस्तकांत ती सणाच्या यादीत दोन ओळींत येते. ताक किती आंबट हवे, पावसाळी हवेत किती वेळ ठेवायची, हे लिहिलेले मला अजून सापडले नाही. म्हणून गेली तीन वर्षे ओळखीच्या बायकांना विचारून वहीत उतरवतो आहे. अकरा घरांच्या अकरा रीती झाल्या, दोन एकमेकींच्या विरुद्ध.

यंदा महालक्ष्म्यांना बायकोने ज्वारी आणायला सांगितली. गावातल्या चार शेतकऱ्यांना विचारले, कोणाच्याच घरात नव्हती. शेवटी किराणा दुकानातून किलोची पिशवी आणली. दुकानदार म्हणाला, “सोलापूरची आहे काका, मालदांडी.”