'स्मृतिचित्रे'तील घरकाम आणि ख्रिस्ती नवजीवन : एक आकलन

प्रस्तावना

मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाचे स्थान अनन्यसाधारण आहे. 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची प्रांजळता, त्यातील नर्मविनोद आणि बोलभाषेचा गोडवा यांविषयी समीक्षकांनी विपुल लेखन केले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्राचे साधन म्हणूनही त्याचा उपयोग झाला आहे. मात्र लक्ष्मीबाईंचे स्वतःचे धर्मांतर हा विषय 'पतीच्या मागोमाग पत्नी' एवढ्या एका वाक्यात आटोपण्याकडे कल दिसतो. तसे केल्याने ग्रंथाच्या गाभ्यातील एक स्वतंत्र प्रवास नजरेआड होतो. लक्ष्मीबाईंचे आध्यात्मिक परिवर्तन चूल, पाणी, भांडी आणि पंगत या रोजच्या व्यवहारांतून कसे घडत गेले, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

घरकाम आणि भक्ती : दोन परंपरा

शुभवर्तमानांत ईश्वराच्या राज्याचे दृष्टान्त पुष्कळदा घरातून घेतलेले आहेत. पिठात खमीर मिसळणारी स्त्री मत्तयकृत शुभवर्तमानात आहे, तर हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी स्त्री लूककृत शुभवर्तमानात आहे. पुढे सोळाव्या शतकात स्पेनमधील संत तेरेसा हिने आपल्या मठभगिनींना स्वयंपाकघरातील भांड्यांमध्येही प्रभू वावरतो असे समजाविले. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठातील ब्रदर लॉरेन्स यांनी मुदपाकखान्यातील काम आणि प्रार्थना यांत भेद मानला नाही.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. संत जनाबाईच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळतो, झाडतो, शेणी वेचतो. जात्यावरच्या ओवीने तर कष्ट आणि नामस्मरण यांची गाठ पिढ्यान्‌पिढ्या घातली. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी रेव्हरंड टिळकांची धारणा होती. लक्ष्मीबाईंची वाट मात्र ग्रंथापेक्षा स्वयंपाकघरातून अधिक गेली, असे म्हणावे लागते.

सोवळ्यापासून पंगतीपर्यंत

लक्ष्मीबाईंच्या बालपणीच्या आठवणींत वडिलांच्या सोवळ्याचे चित्रण ठळकपणे येते. बाजारातून आलेल्या वस्तू धुऊन घेण्याचा सोस, स्पर्शाची सततची धास्ती आणि त्यापायी घरातील स्त्रियांना सोसावे लागणारे कष्ट यांचे वर्णन त्यांनी विनोदाने केले आहे. तथापि या विनोदामागील वेदना दुर्लक्षिण्याजोगी नाही. या घरात काम अखंड चालते, परंतु ते भीतीपोटी चालते. दुसऱ्या माणसाला दूर ठेवणे, हा त्या कामाचा न उच्चारलेला हेतू असतो.

1895 मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या. काही वर्षांनंतर त्या पतीकडे परतल्या. परंतु आरंभी त्यांनी आपले स्वयंपाकपाणी वेगळे ठेवले. ही बाब समीक्षेच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. पतीचा धर्म बदलला, घर बदलले, शेजार बदलला, तरी पाण्याची घागर बदलली नव्हती. तत्त्वचर्चेने जे साधले नाही, ते राहुरीच्या काळात त्यांच्या स्वतःच्या विचाराने साधले. जातिभेद ईश्वराने निर्मिलेला नसून माणसाने निर्मिलेला आहे, असा निर्णय त्यांनी स्वतःशी केला. या निर्णयाची कसोटी कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणाच्या हातचे अन्न खावे, या प्रश्नांवर लागली. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तत्पूर्वीच त्यांच्या स्वयंपाकघरात मनाचे परिवर्तन घडून आले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

पुढे याच घरात अनाथ मुले, विद्यार्थी आणि होतकरू कवी यांना आसरा मिळाला. बालकवी ठोंबरे यांचे अहमदनगरच्या टिळककुटुंबातील वास्तव्य सर्वश्रुत आहे. काम तेच राहिले: पाणी भरणे, रांधणे, वाढणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे. पूर्वी ज्या स्वयंपाकाभोवती सोवळ्याची रेघ होती, त्यात आता येईल त्याचा वाटा होता. त्यांच्या काव्यसंग्रहाचे 'भरली घागर' हे नावही या संदर्भात बोलके वाटते.

कष्टांच्या गौरवाचा धोका

येथे एक आक्षेप संभवतो. घरकामात ईश्वर भेटतो असे म्हणणे म्हणजे स्त्रीच्या वाट्याला आलेल्या एकतर्फी कष्टांवर पावित्र्याचे पांघरूण घालणे नव्हे काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि 'स्मृतिचित्रे' त्याला बगल देत नाही. टिळकांच्या औदार्याची आणि विक्षिप्तपणाची किंमत घरात कोण मोजत होते, हे लक्ष्मीबाई मोकळेपणाने सांगतात. पतीविषयीच्या प्रेमाने त्यांची दृष्टी आंधळी होत नाही. त्यांचा विनोद हेच त्यांच्या तक्रारीचे रूप आहे.

मार्था आणि मरीया यांच्या कथेचा आधार या संदर्भात घेता येतो. मार्था पाहुणचाराच्या कामात गढली आहे आणि मरीया प्रभूच्या चरणांशी बसून ऐकते आहे. येशू मरीयेची बाजू घेतो. परंतु मार्थेला दिलेला बोल तिच्या कामाला नसून अनेक गोष्टींच्या काळजीने विभागलेल्या तिच्या मनाला आहे, असा अर्थ लावता येतो. ऐकण्याचा हक्क कामाइतकाच स्त्रीचा आहे, हेही त्यातून सूचित होते. लक्ष्मीबाईंनी तो हक्क बजावला. अल्प शिक्षणावर त्या कविता करू लागल्या आणि टिळकांनी अपूर्ण ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले.

पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. 1905 मध्ये तेथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीची चर्चा सामूहिक प्रार्थनांच्या अंगाने होते. परंतु त्याच मुक्तिसदनात स्त्रिया शेती, विणकाम आणि छपाईही करीत होत्या. रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद तेथील छापखान्यातच छापला गेला. स्वयंपाकाबरोबर छपाई शिकलेल्या स्त्रीला काम हे केवळ प्राक्तन राहत नाही. लक्ष्मीबाईंनी एका घरात जे साधले, त्याला रमाबाईंनी संस्थेचे रूप दिले, असे म्हणता येईल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

1. लक्ष्मीबाईंचे धर्मांतर ही पतीच्या निर्णयाची पुनरावृत्ती नाही. ते स्वतंत्र असून दैनंदिन गृहव्यवहारातून आकारास आले आहे.

2. घरकामातील आध्यात्मिक नवजीवनाचा निकष कामाचे प्रमाण हा नसून त्या कामाच्या लाभात कोणाला सामावून घेतले जाते हा आहे.

3. कष्टांची वाटणी आणि स्त्रीचा वाचनलेखनाचा अवकाश यांचा विचार न करता केलेला घरकामाचा गौरव अपुरा ठरतो.

माजिवडा परिसरातील महाविद्यालयीन वर्गात हा ग्रंथ शिकविताना सोवळ्याचा भाग विद्यार्थ्यांना गतकाळातील गंमत वाटतो. परंतु घरकामास येणाऱ्या बाईंचा चहाचा कप वेगळा ठेवण्याची रीत आपल्या शहरी घरांतून सर्वस्वी गेली आहे, असे आजही म्हणता येत नाही. तो कप कोणत्या फळीवर ठेवला जातो, हा प्रश्न वर्गात विचारला की हसणे थांबते. 'स्मृतिचित्रे'चे अध्यापन त्या प्रश्नापर्यंत नेणे, हे अध्यापक म्हणून आपले कर्तव्य आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.