आपली पुस्तके कोणती?

आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक घरांत पुस्तकांचे एखादे कपाट असते. वरच्या खणात बायबल, प्रार्थनापुस्तक, संतांची चरित्रे. त्याखाली मुलांची पाठ्यपुस्तके आणि परीक्षेची मार्गदर्शके. आणि मधल्या फटीत कधीतरी बक्षीस म्हणून मिळालेली, न उघडलेली एखादी कादंबरी. ‘वाचावे असे काही तरी सुचवा’ ही मागणी अशा घरांतून वारंवार येते, आणि तिच्यापाठोपाठ एक अट हमखास येते : पुस्तक ‘आपले’ असावे. ‘आपले’ म्हणजे ख्रिस्ती लेखकाचे, ख्रिस्ती माणसांविषयीचे, निदान श्रद्धेला धक्का न लावणारे. या अटीचाच विचार येथे करावयाचा आहे, कारण चांगल्या पुस्तकाचा आणि आपला परिचय होण्याच्या आड तीच अनेकदा येते.

2020 साली उस्मानाबाद येथे 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा काहींनी केवळ त्यांच्या धर्मावरून विरोध केला. आपण सर्व त्या वेळी व्यथित झालो. साहित्यिकाला त्याच्या साहित्यावरून जोखा, असे आपण म्हणालो, आणि ते योग्यच होते. मग हाच न्याय आपण आपल्या कपाटाला लावतो काय? ज्या घरांत ‘सुबोध बायबल’ आदराने ठेवलेले असते, त्या घरांत महेश एलकुंचवारांचे एखादे नाटक किंवा उद्धव शेळके यांची ‘धग’ क्वचितच दिसते.

प्रारंभ मात्र ज्याला निर्विवादपणे आपले म्हणता येईल अशा ग्रंथापासून करू. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यास आले आणि 1616 मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने तो रोमन लिपीत छापावा लागला, आणि पुढे 1956 मध्ये पुण्यास तो देवनागरीत येईपर्यंत मराठी वाचकाला जवळजवळ अदृश्यच होता. या ग्रंथाचा अभिमान आपण बाळगतो. तो वाचलेला माणूस मात्र शोधावा लागतो. याचे कारण भाषेची कठीणता असे सांगतात. ते अर्धेच खरे आहे. कादंबरी वाचावी तसे डोळ्यांनी वाचू गेल्यास ख्रिस्तपुराण पाच पानांत थकवते, कारण ओवी ही कानांसाठी रचलेली असते. रात्रीच्या जेवणानंतर वीस-पंचवीस ओव्या मोठ्याने वाचून पाहाव्यात. काना गावच्या लग्नाचा प्रसंग घ्यावा. जेवणावळीची गडबड, पाहुण्यांची वर्दळ, द्राक्षरस संपल्यावर यजमानाची झालेली अडचण, हे सारे येथे कोकणातल्या मांडवाखाली घडत असल्यासारखे वाटते. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजताना या परदेशी धर्मगुरूला संकोच वाटला नाही. श्रोत्यांच्या कानांवर पुराणांचे संस्कार आहेत, हे जाणूनच त्याने पुराणाचा साचा उचलला. मंगळूरकडील कॅथलिक कुटुंबांनी हा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या वाचून जिवंत ठेवला, आणि 1907 ची आवृत्तीही मंगळूरलाच निघाली, हे महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’विषयी मात्र थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. 1857 साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला मराठीतील पहिली कादंबरी मानतात, आणि ते एका ख्रिस्ती लेखकाचे आहे, म्हणून आपल्या व्याख्यानांत त्याचा उल्लेख होतो. कादंबरी म्हणून ती दुबळी आहे. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवास करतात, ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकतात, चर्चा करतात; दोघांच्या तोंडी लेखकच बोलतो आणि शेवट आधीपासून ठरलेला जाणवतो. परंतु त्या विधवांच्या कहाण्या वेगळ्या काढून वाचाव्यात. केशवपन, उपासमार, घरातल्याच पुरुषांचे भय, यांविषयी मराठी गद्यात इतक्या आधी इतके उघडपणे कोणी लिहिले नव्हते. पुस्तक पहिले आहे म्हणून थोर ठरत नाही, आणि लेखक स्वधर्मीय आहे म्हणून तर मुळीच नाही. त्यातली दहा-वीस पाने आजही खरी वाटतात, एवढे पुष्कळ झाले.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची गोष्ट निराळी. हे पुस्तक 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले आणि आजतागायत मराठी आत्मचरित्रांत त्याच्या शेजारी बसवावे असे फार थोडे लिहिले गेले. आपल्याकडे ते ‘साक्ष’ म्हणून वाचण्याची पद्धत आहे : रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पत्नीने प्रथम तीव्र विरोध केला, सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर 1900 मध्ये तिनेही ख्रिस्ताचा स्वीकार केला. हा सांगाडा अचूक आहे, पण नुसता सांगाडा सांगून पुस्तकाचे मर्म हाती लागत नाही. लक्ष्मीबाईंचे सामर्थ्य त्यांच्या विनोदात आहे. नवरा कवी, उदार आणि विलक्षण अव्यवहारी. हाती आलेला पैसा घरी पोहोचेपर्यंत वाटेतच वाटला जावा असा. अशा माणसाबरोबर संसार करणारी, शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई नवऱ्याच्या थोरवीला बाध न आणता त्याची फजिती सांगते, आणि स्वतःची तर त्याहून अधिक सांगते. रडावे अशा जागी ती वाचकाला हसवते. पान उलटल्यावर वाचकाला कळते की, आपण हसलो ते दारिद्र्य होते, ती उपेक्षा होती, तो एका बाईचा एकटेपणा होता.

सोवळेओवळे मानवनिर्मित आहे, हे लक्ष्मीबाईंना कसे उमगले, तो भाग विशेष बारकाईने वाचावा. तेथे कोणी धर्मोपदेशक नाही आणि वादविवादही नाही. स्वतःशीच चाललेला विचार एका ठिकाणी येऊन थांबतो आणि मागे फिरत नाही. मतपरिवर्तनाचे इतके साधे आणि इतके विश्वसनीय वर्णन आपल्या व्यासपीठावरील साक्षींत आढळत नाही, कारण साक्ष देणाऱ्याला परिणामाची घाई असते आणि लक्ष्मीबाईंना ती नाही. टिळक पतिपत्नी प्रॉटेस्टंट, म्हणून आमच्या काही घरांत हे पुस्तक जरा दूर ठेवले गेले, असे जुनी माणसे सांगतात. असो. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवंडांसाठी शांता गोखले यांनी केलेला संपूर्ण इंग्रजी अनुवाद 2017 मध्ये निघाला आहे. आजीने मराठी आणि नातीने इंग्रजी प्रत घेऊन बसावे.

चरित्रांपैकी एकच नाव घेतो. वसईकर लेखिका वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ 1981 मध्ये आले. गुलामीत जन्मलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाने टस्कीगी येथे भुईमूग आणि रताळ्यांवर केलेले काम, कापसाने निकस झालेल्या जमिनीविषयी त्याची चिंता, आणि या सर्वांमागची त्याची श्रद्धा त्यात आली आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती नि:शंकपणे द्यावे, असे हे पुस्तक. क्वचित ते नायकाला फार उजळ करते, हा दोष मोठ्या वाचकाला जाणवेल. मुलाला जाणवू नये हेच बरे.

आता ज्या ग्रंथांत आपल्यापैकी कोणी नाही, त्यांकडे वळू. एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक 1985 मध्ये विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणले. विदर्भातल्या एका खेड्यातील देशपांडे या जमीनदार ब्राह्मण कुटुंबाची ही कथा. घरातला कर्ता वृद्ध वारला आहे, तेराव्यापर्यंतचे दिवस चालू आहेत, मुंबईचा धाकटा भाऊ सुधीर पत्नीसह आला आहे. थोरला भास्कर घर सांभाळतो म्हणतो. सगळ्यात धाकटा चंदू बिनबोभाट राबतो. बहीण प्रभा शिकायचे राहून गेले म्हणून आतल्या आत जळते. आणि अंगणात एक मोडका ट्रॅक्टर गंजत पडला आहे. गावजेवण घालायला पैसे नाहीत आणि न घालावे तर घराण्याची अब्रू जाते.

यात आपले काय, असे कोणी विचारील. वसईच्या वाड्यांत राहणाऱ्याने तरी हा प्रश्न विचारू नये. 1980 आणि 1990 च्या दशकांत केळीच्या बागा आणि पानवेली जाऊन त्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा किती घरांत भावाभावांनी असेच हिशेब मांडले! मुंबईत नोकरी करणारा भाऊ म्हणाला की, आपला वाटा काढून द्या. गावी राहिलेला म्हणाला की, आईवडिलांना आम्ही पाहिले. लग्नकार्यात आणि मयताच्या वेळी आपल्या ऐपतीपलीकडे खर्च करण्याचे व्यसन केवळ देशपांड्यांना होते काय? एलकुंचवार कोणालाही खलनायक करीत नाहीत. भास्करची पत्नी, जिला सर्व ‘वहिनी’ म्हणतात, रात्री एकांतात घराण्याचे दागिने अंगावर चढवते, तो प्रसंग पाहावा. वरवर पाहता हा लोभ. परंतु ज्या बाईने आयुष्य चुलीपुढे घालवले तिला क्षणभर आपण या घराची धनीण आहोत असे वाटते, आणि वाचकाला तिचा राग करणे जमत नाही. पुढे तेच दागिने तिची मुलगी रंजू घेऊन पळते, हे कळल्यावर त्या रात्रीच्या प्रसंगाला आणखी एक वेदना चिकटते. इस्टेटीच्या वादावर आपल्याकडे प्रवचने पुष्कळ होतात. हे नाटक प्रवचन करीत नाही. घरातल्या प्रत्येकाची बाजू पुरती ऐकून घेते. याच कथेचे पुढचे भाग ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’. चंद्रकांत कुलकर्णी यांनी 1994 मध्ये तिन्ही नाटकांचा सलग प्रयोग केला. तथापि तिन्हींत पहिलेच सर्वांत घट्ट विणलेले आहे, असे माझे मत. ‘युगान्त’मध्ये पात्रे जगण्यापेक्षा चिंतन अधिक करतात.

‘धग’ ही 1960 मधील कादंबरी. हीही वऱ्हाडातलीच. शिंपीकाम करणाऱ्या घरातली कौतिक आपला संसार सावरण्यासाठी सारे आयुष्य झटते आणि परिस्थिती तिला एक पाऊलही पुढे टाकू देत नाही. संवाद वऱ्हाडी बोलीत आहेत. पहिल्या वीस पानांत अडखळायला होईल, नंतर दुसरी कोणतीही भाषा या माणसांना शोभली नसती असे वाटू लागते. आपल्या सामवेदी आणि वाडवळी बोली घरात बोलून चारचौघांत लपवणाऱ्या तरुणांनी ही कादंबरी मुद्दाम वाचावी. ती दुःखद आहे, फार दुःखद आहे. ‘आधीच कष्ट, वर असले वाचन कशाला’ ही तक्रार मी समजू शकतो. परंतु दर शुक्रवारी उपवासकाळात क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने चालणाऱ्या समाजाने दुःखाचे पुस्तक दुःखाचे आहे म्हणून बाजूला ठेवावे, याचे आश्चर्य वाटते.

राहता राहिला प्रश्न मिळवण्याचा. पुरस्कारांच्या याद्या आणि विक्रीचे आकडे यांवर फार विसंबू नये. सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन, पुस्तक मध्येच उघडून दोन पाने वाचावीत. सुरुवात बहुतेक लेखकांना साधते, मधली पाने खरी परीक्षा घेतात. एक पुस्तक आवडले की त्याच्या लेखकाला कोण आवडत होते हे शोधावे. गावात एखादा जुना, चोखंदळ वाचक असतोच. त्याला विचारावे आणि त्याच्याशी वादही घालावा. आणि धर्मग्रामाच्या ग्रंथालयाचे कपाट वर्षभर कुलूपबंद असेल तर किल्ली कोणाकडे आहे, हे कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत नम्रपणे विचारावे.

नाटके मिळाली तर ती एकट्याने वाचू नयेत. चार जणांनी पात्रे वाटून घेऊन ओसरीवर बसून वाचावीत. एकदम तीन अंकी नाटक पेलणार नसेल तर दिवाकरांच्या नाट्यछटांपासून आरंभ करावा. शंकर काशीनाथ गर्गे हे त्यांचे खरे नाव. इंग्रज कवी ब्राउनिंग याच्या एकमुखी काव्यांवरून त्यांना हा प्रकार सुचला, आणि 1911 पासून त्यांनी अशा छोट्या छटा लिहिल्या. एकच पात्र बोलते, ऐकणारा दिसत नाही, आणि दीड-दोन पानांत बोलणाऱ्याचे ढोंग त्याच्याच तोंडून उघडे पडते. ‘पंत मेले – राव चढले’ ही छटा नाताळच्या स्नेहसंमेलनात एखाद्या कॉलेजच्या मुलाने सादर करावी. नेपथ्य लागत नाही, वेशभूषा लागत नाही, पाच मिनिटांत आटोपते. आणि कचेरीत नोकरी केलेले पहिल्या रांगेतले प्रेक्षक कोणत्या वाक्याला हसणे थांबवतात, तेही पाहायला मिळते.